डाव्या नळीचा बार

१९४५ साली आमची पलटण इटलीत होती. मी नाईक, दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर. काशिनाथ माझ्याच सेक्शनमध्ये ब्रेनगनवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर. दोघेही डोळखांबकडच्या एकाच पाड्यावरचे, एकाच दिवशी भरती झालेले.

सकाळी हत्यारं साफ करताना त्याचं रोजचं पालुपद ठरलेलं. "नाईक, ही ब्रेनगन खांद्याला टोचते. आपली घरची बंदूक ढकलते. म्हशीनं ढुशी द्यावी तशी."

घरची म्हणजे त्याच्या वडिलांची, तुकाआबांची, दहा बोरची जुनी दुनळी. नळीच्या तोंडात अंगठा सहज जाई. काडतुसं आबा काळी दारू ठासून घरीच भरत. बार काढला की आधी खांदा मागे, मग धुराचा ढग, मग डोंगरावरून परत येणारा आवाज. रानडुकरं चार दिवस शेताकडे फिरकत नसत. एकदा तो आवाज काढला की माणसाला दुसरी बंदूक गोड लागत नाही. काशिनाथचं हे म्हणणं अख्ख्या सेक्शनला पाठ झालं होतं.

एका सकाळी ओढा ओलांडताना मॉर्टरचा मारा आला. काशिनाथ गेला. मी वायरलेसवर कळवलं, "वन किल्ड. मूव्हिंग." आणि आम्ही पुढे सरकलो. ऑर्डर तशी होती.

भातकापणीला मी रजेवर घरी आलो. आबांनी एकच विचारलं, "जवळ कोन व्हतं?"

"मी होतो आबा. जागच्या जागी गेला."

आमच्या पाड्यावर कापणीच्या आदल्या संध्याकाळी त्या बंदुकीचे दोन बार रानाकडे काढायचे, मगच सकाळी विळा लावायचा. हा मान काशिनाथचा. त्या वर्षी आबांनी बंदूक माझ्या हातात दिली. सगळा पाडा बांधावर जमला होता. मी मुद्दाम वर्दी घालून गेलो होतो. मिरवायची हौस, दुसरं काय.

उजवा घोडा चढवला, चाप ओढला. तीच ओळखीची ढुशी बसली आणि क्षणभर जीव सुखावला. मग धूर नाकात गेला, आवाज डोंगरावरून परत आला. भानावर आलो तेव्हा मी भातात पालथा पडून ओरडत होतो, "काशिनाथ, डाऊन! डाऊन!" बंदूक बांधावर पडली होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अंगावर वर्दी, आणि गावच्या शेतात तोंडाला चिखल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी बंदूक उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, नळ्या निरखल्या. मग माझ्याशेजारी येऊन बसले.

"डाऊन म्हंजी काय रे?"

"खाली पड."

"तवा पन असाच वरडला व्हतास?"

"हो."

"त्यानं आयकलं?"

"माझ्याकडे बघितलं आबा. वाकला पण. वेळच नाही मिळाला."

आबा हातातल्या बंदुकीकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं, परक्या मुलखात पोराला नावानं हाक मारायला पन कोनी नसंल."

त्यांनी बंदूक पुढे केली. "डावी नळी भरलेली हाय. ती त्याची. उठ."

मी उठून बंदूक खांद्याला लावली. आबांनी मागून खांदा धरला, तेव्हा बार निघाला. सकाळी विळे चालले.

आबा होते तोवर दर कापणीला उजवा बार ते काढत, डावा मी. डाव्याच्या आधी ते म्हणत, "हाक मार त्याला." त्या पहिल्या वर्षीच्या लाजेनं सगळ्या पाड्यादेखत मान वर होत नसे, तरी मी हाक मारत असे.