कुवानोकी स्टेशनवरची निळी गादी

कुवानोकी स्टेशनच्या बाकावर थंडीत मऊ गाद्या असतात, त्या रेल्वेनं दिलेल्या नाहीत बरं का! त्या किनुएआजी शिवते. स्टेशन झालं तेव्हा इथं नुसती मुळ्याची शेतं होती. फलाटाची माती गावकऱ्यांनीच टोपल्यांनी वाहिली, त्यात आजीचा नवरा तोमेजी सगळ्यांच्या पुढं. मग त्याच फलाटावरून त्यानं तीस वर्षं सकाळची सहा-बाराची गाडी पकडली. "बाक कसला, बर्फाची लादी आहे नुसती!" असं तो एकदा कुरकुरला, आणि आजीनं पहिली गादी शिवली. पुढं शेजारणीही जुनी कापडं आणून देऊ लागल्या.

तोमेजीला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा निळा किमोनो आजीनं जिवापाड जपला होता. यंदा मन घट्ट करून तिनं त्याला कात्री लावली आणि गादी शिवून बाकाच्या टोकाला बांधली. रोज पहाटे येऊन ती झटकायची, पण तिच्यावर बसायचा काही धीर होईना.

आठव्या दिवशी गादी गायब!

"जाऊ दे," ती स्टेशनमास्तरला म्हणाली, "बाकावर ठेवली म्हणजे बसणाऱ्याची झाली." तोंडानं म्हणाली खरी, पण घरी जाऊन घास उतरेना. किमोनोची चिंधीसुद्धा उरली नव्हती.

चार दिवसांनी सहा-बाराचा रोजचा प्रवासी कुरोसे समोर उभा राहिला. वीस वर्षं हा माणूस त्याच टोकाला बसतो, पण कधी तोंडातून शब्द निघाला असेल तर शपथ! आता माफीसाठी कमरेत वाकलेला, हातात निळी गादी.

"माझ्याकडून कॉफी सांडली, आजी. उसवून धुतली, कापूस वाळवला, परत शिवली."

"अहो, मग सांगायचं की नाही? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"वीस वर्षं बोललो नाही. एकदम काय बोलणार?"

टाके इतके वाकडेतिकडे, की आजीला रडता रडता हसू फुटलं. तिनं पिशवीतून सुई काढली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि सुई परत ठेवली. गादी बांधली. कुरोसेनं बस म्हणून खूण केली, तशी ती पहिल्यांदाच तिच्यावर बसली.

सहा-बाराची आली. दारात पाय ठेवताना कुरोसे वळला.

"येतो हं, आजी."

तीन वर्षांत सकाळी हे तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"जपून जा," ती म्हणाली. "आणि लवकर ये."