चतुराबाईंनी शिट्टी ऐकून घेतली

कुरुळीत कंपन्या आल्या तेव्हा पुष्कळांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या. चतुराबाईंनी उरल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि खानावळ काढली. लातूर-बीडकडून आलेली पोरं त्यांच्या पंगतीला बसायची. पहिल्या शिफ्टचं पोर उपाशी कामावर गेलं, असं त्या घराबद्दल कुणाला बोलता आलं नाही. बाई उंचीनं बेताची, आवाजानं मोठी. अंगणात साप निघाला तर काठीवर उचलून ओढ्याला सोडून येणारी. म्हणून ती भ्यायली, तेव्हा गावाला ते खरं वाटेना.

घडलं ते असं. खानावळीच्या मोठ्या कुकरच्या शिट्टीत डाळीचं साल अडकलं. वाफ कोंडली, आणि झाकणावरचा जुना व्हॉल्व्हही ऐन वेळी कामाला आला नाही. झाकण उडून छताच्या पत्र्याला भिडलं, आणि उकळती डाळ चतुराबाईंच्या खांद्यावर आली.

खांदा बरा झाला. नवी कातडी आली. पण कुणाच्याही खोलीत कुकरची शिट्टी झाली की बाई हातातलं टाकून अंगणात. तोंडाला कोरड, हात गार, आणि छातीत उखळात मुसळ पडावं तशी धडधड. शेजारणीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीला लागला, भीती होती तिथंच राहिली.

सून स्वरूपा मायाळू. तिनं कुकर माळ्यावर टाकला आणि पातेल्यात डाळ शिजवायला घेतली. आळीतल्या बायकांना सांगून ठेवलं, की शिट्टी लावायची तर दार लोटून घ्या. पोरांनीही सांभाळून घेतलं. फक्त नवनाथ, जो वेल्डिंगला होता आणि ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, एवढंच म्हणाला, "मावशी, आजची डाळ चावून खायची का चोखून?"

एवढी जपणूक केली, आणि भीती मात्र माळावरच्या गाजरगवतासारखी पसरत गेली. आधी कुकर होता. मग रस्त्यावर ट्रेलरचा ब्रेक फुस्स करून सुटला तरी बाई दचकू लागल्या. मग चहाचं आधण सुसू करायला लागलं तरी पाऊल आपसूक दाराकडं.

अशात स्वरूपाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिचे वडील जुन्नरकडून विचारायला आले, तर ओसरीवर बसून ती हळूच म्हणाली, की आत्याबाईंना चुलीपाशी एकटं सोडून मला यायचं नाही. वडील पाणी प्यायले आणि गेले.

आत भाकरी थापत बसलेल्या चतुराबाईंनी ते ऐकलं. सासूच्या भीतीपायी सून माहेराला मुकली, हे वाक्य अजून गावात कुणी बोललं नव्हतं. पण त्यांना ते ऐकू आलं, आणि डाळीपेक्षा जास्त भाजलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या बसनं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. जिथं खांद्याला मलमपट्टी झाली होती तिथंच विचारलं, की कातडी तुम्ही बरी केली, आता आतलं कोण बघतं? त्यांना स्नेहलताईंकडं धाडलं. मनाच्या दुखण्यावर बोलून इलाज करणारी बाई, वयानं स्वरूपाएवढीच.

स्नेहलताईंनी सगळं ऐकलं आणि सांगितलं, की मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्याचं काम राखण करायचं. तो विचार करत बसत नाही. ज्या आवाजानंतर एकदा भाजलं, तो आवाज आला की आधी पळा म्हणतो, मग बाकीचा मेंदू जागा होतो.

"म्हंजी मळ्यातलं कुत्रं," चतुराबाई म्हणाल्या. "चोर न्हाई, पाव्हणा हाय, हे त्याला मागनं कळतं."

"अगदी तसंच. आणि तुम्ही पळालात की त्याला काय वाटतं? आपण भुंकलो म्हणून मालकीण वाचली. पुढच्या वेळी ते अजून जोरात भुंकणार."

उपाय समजायला अवघड नव्हता, करायला कठीण होता. शिट्टी ऐकायची आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. आधी लांबून, मग जवळून. सावधपण मात्र सोडायचं नाही, कारण सावधपण वेगळं आणि भीती वेगळी.

कुकर माळ्यावरून उतरला. नवा व्हॉल्व्ह बसला, नवं रबर आलं, आणि दर वेळी शिट्टीचं भोक उजेडाला धरून बघायचा नेम झाला. पहिल्यांदा चतुराबाई अंगणाच्या कडेला बसल्या, मग ओसरीवर, मग उंबऱ्यात, शेवटी शेगडीजवळच्या पाटावर. स्वरूपा शेजारी बसून पाठीवर हात ठेवायची. धडधड चढायची आणि उतरायची. पुढं पुढं चढेनाशीच झाली. डोहाळजेवण दणक्यात झालं, माहेरी जायचा दिवस ठरला. नवनाथनं दोनदा डाळ मागून घेतली.

मग एका दुपारी स्वरूपा तपासणीला गेली. चतुराबाईंनी कुकर लावला. शिट्टी झाली, आणि बाई थेट अंगणात, अनवाणी. आत गॅस चालूच. नवनाथनं धावत जाऊन तो बंद केला आणि एकही शब्द न बोलता भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचं ते गप्प राहणं चतुराबाईंना फार लागलं.

त्यांनी स्नेहलताईंना फोन लावला. म्हणाल्या, सगळी मेहनत पाण्यात गेली.

पलीकडून प्रश्न आला, की इतके दिवस शेजारी कोण होतं? चतुराबाईंनी सांगितलं.

"मग तुमचा राखणदार शिकायचं ते शिकलाय, मावशी. सून जवळ असली की धोका नाही, एवढं त्याला पटलंय. शिट्टीत धोका नाही, हे त्याला अजून कुणी शिकवलंच नाही. जुनी भीती पुसली जात नसते. तिच्या शेजारी नवी ओळख रुजवावी लागते, आणि ती तुम्ही एकट्यानं."

संध्याकाळी स्वरूपा परत आली तेव्हा सासूनं तिला देवळाच्या पारावर जाऊन बसायला सांगितलं. ती कुरकुरली. चतुराबाईंनी तिच्या हातात चपला दिल्या.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाईंनी शिट्टीचं भोक बघितलं, झाकण लावलं आणि पाटावर बसल्या. कुकरनं वाफ धरली. शिट्टी झाली. मुसळ पडू लागलं, पाय दाराकडं निघाले. चतुराबाईंनी दोन्ही तळवे जमिनीला लावले.

"भुंक तू," त्या स्वतःच्या छातीला म्हणाल्या. "मी हाय हितंच."

दुसरी शिट्टी झाली. लुगडं घामानं पाठीला चिकटलं. तिसरीला मुसळ जरा सावकाश पडलं. डाळ शिजून गॅस बंद झाला, तेव्हा पाटावर एक थकलेली आणि जागची न हललेली बाई बसलेली होती.

त्यानंतर त्या रोज एकट्या बसल्या. सकाळी बसल्या, दुपारी बसल्या, रस्त्यावर ट्रेलर फुसफुसत असताना बसल्या. एकदा पुन्हा उठून उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि तिथून आपणच माघारी आल्या.

जायच्या दिवशी ओटी सकाळीच भरून झाली. जुन्नरची गाडी दारात लागली. स्वरूपा उंबऱ्याशी घुटमळली. वडिलांना म्हणाली, तेवढी डाळ होऊ द्या, मग निघू. आत पहिली शिट्टी झाली. साऱ्यांच्या नजरा दाराकडं वळल्या. दारात कुणी आलं नाही.

आतून तो जुना, मोठा आवाज आला, "स्वरूपा, तू बस गाडीत. अजून दोन शिट्ट्या हायेत, मला निरोपाला भाईर येता यायचं न्हाई."

सून रडता रडता हसली आणि गाडीत बसली. गाडी वळणापलीकडं गेली तेव्हा शेवटची शिट्टी झाली. छातीत थोडं धडधडलं. चतुराबाईंनी गॅस बंद केला, वाफ आपसूक जिरेपर्यंत थांबल्या, आणि झाकण काढून डाळ घोटायला घेतली.