आधी अंघोळ

बॅटरीकाकांचा एकही शर्ट कधी म्हातारा झाला नाही. तरुणपणीच त्याची चाळण व्हायची. गोदामातल्या माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या काढायच्या, चार्जिंगला लावायच्या, त्यांत पाणी घालायचं, हे त्यांचं काम. कितीही जपा, ॲसिडचा थेंब उडायचाच. तो लेकराच्या गालाला लागला तर? म्हणून त्यांनी स्वतःच घरचा कायदा केला होता: आल्या आल्या थेट अंघोळ, मगच माणसांत. लेक लहानपणी दाराशी धावत यायची आणि बाप चोरासारखा अंग चोरून आत पळायचा. ते त्यांना जन्मभर सलत राहिलं. आता त्याच लेकीची मुलगी घरात दुडदुडत होती, आणि कायदा तोच होता.

मग गोदामात हायड्रोजनवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट आल्या. बॅटरीच्या जागी एक बंद पेटी. नळी लावली की चहा निवायच्या आत टाकी भरते. ॲसिडचं नाव नाही, बाहेर पडतं ते नुसतं पाणी. आता आपली गच्छंती, असं काकांनी धरलंच होतं. पण साहेबांनी त्यांनाच शिकवून नळीपाशी उभं केलं. काकांनी त्या पेटीला मनोमन हात जोडले.

दुधाने पोळलेल्या काकू मात्र ताकही फुंकून पिणाऱ्या. महिनाभर त्यांनी रोज शर्ट खिडकीत धरून उलटसुलट पाहिला. शेवटी म्हणाल्या, "एक भोक नाही हो! आज दारातच घ्या नातीला."

संध्याकाळी काका दारात हात पसरून उभे राहिले. नात हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे सरकली.

"आजोबा, आधी अंघोळ!"

"आता नाही लागत गं, बाळा." काका म्हणाले. पोर जागची हलेना. शेवटी कायदा त्यांचाच.

तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"सरक गं. हिच्या आधीपासून मी रांगेत आहे, बाबा."

आणि तिने त्यांना घट्ट मिठी मारली. काकांना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

"आई, मला पण!" म्हणत नात मधे घुसली.

"भोकं गेली तर आता पीठ!" काकू शर्टाकडे बघून करवादल्या, पण डोळे पदराने पुसत.

त्या दिवशी काकांची अंघोळ राहूनच गेली.