शोभाची संडासवाली गाडी

शोभाला ट्रिपनं मारलं नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदा स्पष्टच लिहिते.

तेराव्याला तिची जाऊ सगळ्यांसमोर मला म्हणाली, "भाभी, तुम्ही फिरायला नेलं आन् आमचं माणूस गेलं."
पंगत बसली होती, माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. वाढत राहिले.
आज हातात फोन आहे.

शोभा माझी शेजारीण. जालन्यात आमची भिंतीला भिंत.
तिचं हार्ट पार थकलेलं. पायांवर सूज. त्यासाठी डॉक्टरांनी लघवीची गोळी दिलेली.
ही गोळी घेतली की सारखं जावं लागतं.

आता तुम्हीच सांगा, जालन्याहून घनसावंगीच्या एसटीत बसलेल्या बाईनं कुठं जायचं?

म्हणून तिनं जाणंच सोडलं. लग्न नाही, बारसं नाही. माहेर तिकडंच, घनसावंगीच्या पुढं, पण कित्येक दिवाळ्या गेली नाही.
एकदा गोळी न घेता गेल्ती. आली ती सरळ दवाखान्यात.

मंग एक दिवस फोन नाचवत माझ्या किचनमध्ये आली. व्हिडिओत मोटरहोम होतं. बेड, गॅस, फ्रिज, सगळं.
तिला त्यातलं एकच दिसत होतं.
"भाभी, हिच्यात संडास हाय बघ!"

ठरलं. मी, शोभा आणि आमची मैत्रीण मंदा. मंदा रिटायर्ड टीचर, त्यामुळे ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं घ्यायचं सगळं बोलणं तिच्याकडं.
आणि भुऱ्या. गल्लीतलंच कुत्रं, पण शोभाचा नवरा गेल्यापासून तिच्या पायाशी झोपायचं. तिच्याशिवाय जेवायचं नाही.

गाडीवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, डॉग अलाऊड नाही."
शोभानं मंदाच्या हातातून फोन ओढला. "भाऊ, कुत्रं न्हाई चालत तर आम्हीबी न्हाई येत. आन् तुमच्या गाडीत आजवर बसलेली माणसं सगळी धुतलेली होती का?"
तो हसायलाच लागला. "आणा मावशी. पण आंघोळ घालून."

आणि हो, डॉक्टरांना न विचारता नेलं, असंही बोललं गेलं. मी सोबत होते.
तिनं सरळ विचारलं, "साहेब, घरी बसून राह्यले तर बरी होईन का?"
 ते म्हणाले, "नाही."
"मंग जाते."
त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि दम वाढला तर लगेच परत फिरा, असं मला बजावलं.

तिचा मुलगा प्रशांत एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत आहे. पोरगा चांगलाय, घाबरला होता.
"आई, लोक म्हणतील आजारी आईला रस्त्यावर सोडलं."
"लोकांला सांग, आई ऐकत न्हाई. खोटं थोडीच हाय?"

मंदा म्हणत होती, समुद्राला जाऊ.
शोभा म्हणाली, "डॉक्टरनं मीठ बंद केलंय. खारं पाणी बघून काय करू?"
आधी माहेर. मग चिखलदरा.

गाडी गावच्या गल्लीत शिरेना, म्हणून शाळेच्या मैदानावर लावली. अर्धं गाव जमलं.
शोभा एकेका बाईला हाताला धरून आत नेत होती. पहिलं दार उघडायची ते संडासचं.
तिची म्हातारी चुलती आत गेली, कडी लावली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. म्हणाली, "लई निवांत हाय गं बाई."

पुरुष हसले. एकही बाई हसली नाही.

निघताना तिची भावजय, सुमनवहिनी, हळूच म्हणाली, "अक्का, मी येऊ का?"
शोभाचा भाऊ तिथंच होता. "अन् सैपाक कोण करील?"
शोभा म्हणाली, "तुला दोन हात दिलेत ना देवानं? बराबर करशील!"
तोवर वहिनी पिशवी भरून गाडीत.

चिखलदऱ्याला धुकं होतं. शोभा शाल गुंडाळून गाडीच्या दारात बसलेली, मांडीवर भुऱ्याचं डोकं. जेवणात माझं बिनमिठाचं वरण.
"भाभी, हे भुऱ्याबी खात न्हाई," म्हणाली. आणि वाटी पुढं केली. "वाढ अजून."

दुसऱ्या दिवशी तिला जरा दम लागला. आम्ही गाडी फिरवली, लगेच. ती झोपून खिडकीतून बघत राहिली.

घरी आल्यावर काही आठवडे बरी होती. मग सूज वाढली, ॲडमिट केलं.
दवाखान्यात प्रशांतनं विचारलं, "आई, ट्रिपचा त्रास झाला ना?"
मी तिथंच होते. 
शोभा म्हणाली, "झाला ना. उशा लई कडक होत्या. पुढच्या खेपेला घरच्या घेऊ."
प्रशांत हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

त्याच आठवड्यात ती गेली.

न नेता घरात ठेवलं असतं तर थोडी जास्त जगली असती? मला माहीत नाही. पण कुठल्या खोलीत, कुणाच्या परवानगीनं आणि कशाची वाट बघत जगली असती, ते मला माहीत आहे.
हो, आम्ही नेलं. पुन्हा नेलं असतं. ज्यांना बोलायचंय त्यांनी खाली कमेंटमध्ये बोला, मी बसलेय.

मागच्या महिन्यात सुमनवहिनी माझ्याकडं राहायला आल्या. एसटीनं, एकट्या. आयुष्यात पहिल्यांदा.
मी दार उघडलं तर म्हणाल्या, "भाभी, घरी सांगून आले. विचारून न्हाई."

शोभा, तुला हे सांगायचं होतं.
तुझ्या सगळ्या मैत्रिणींकडून तुला मनापासून आदरांजली.