हात सोडला की दार थांबलं पाहिजे

चारुता घोरपडे कामाच्या पत्त्यावर पोचली की आधी फार बोलत नाही. गॅरेजचं दार बंद करते, छताजवळ लोंबणारी लाल दोरी ओढून मोटर दारापासून सुटी करते, दार हाताने कमरेपर्यंत उचलते आणि हात सोडून एक पाऊल मागे सरकते. दार तिथेच थांबलं तर पुढचं बोलणं होऊ शकतं. धाडकन खाली आलं, तर मालकाने पुढे केलेला चहा तसाच गार होतो.

ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. गॅरेजची दारं बसवणाऱ्या नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या एका लहान कंपनीत सहा वर्षांपासून मेकॅनिक आहे. मूळची मिरजेची. डिप्लोमानंतर चिंचवडच्या एका कारखान्यात स्प्रिंगांच्या तपासणी विभागात तिने नऊ वर्षं काढली. नवरा अजित आयटीतला. त्याच्या नोकरीमुळे दोघं इथे आले. पहिली दोन वर्षं भेटेल ती मराठी बाई विचारायची, "मग दिवसभर करता काय?" डच शिकून तिने ही नोकरी धरली, तेव्हा प्रश्न बदलला: "म्हणजे त्यांच्या ऑफिसात ना?"

लोकांना वाटतं की दार मोटर उचलते. तसं नसतं. दार उचलतात वरच्या दांड्यावरच्या दोन स्प्रिंगा. दाराच्या वजनाचा हिशोब करून त्या निवडलेल्या असतात आणि तो बरोबर असला की दीडशे किलोचं दार एका हाताने वर जातं, सोडाल तिथे थांबतं. मोटर फक्त त्याला वाट दाखवते. स्प्रिंग थकली किंवा दार जड झालं तरी मोटर काही दिवस ओढत राहते. घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

चार वर्षांपूर्वी, लायडस्खेनडाम-फोरबर्ग या गावातल्या एका घरी एक स्प्रिंग तुटली होती. घरमालक प्रताप मुंबईचा. चारुताने दोन्ही बदलायला सांगितल्या, कारण दोघींचं वय एकच. "एकच बदला हो, दुसरी चांगली दिसतेय. आपल्या माणसासाठी एवढं करा," प्रताप म्हणाला. त्याची आई लीलावतीबाई डोंबिवलीहून आल्या होत्या. त्यांनी थालीपीठ वाढलं. चारुताने एकच स्प्रिंग बदलली आणि तपासणीच्या स्टिकरवर सही केली. तीन आठवड्यांनी दुसरी तुटली. लीलावतीबाई तेव्हा दाराची कड धरून उभ्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

प्रतापने तक्रार केली नाही. लीलावतीबाई फोनवर म्हणाल्या, "तुझा काय दोष बाई, माझं नशीब." अजित म्हणाला, विसर आता. कोणीच रागावलं नाही. चारुताला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या मंगळवारी तिला आइंडहोवनजवळच्या एका वसाहतीत पाठवलं. बोलावणारा यतीन, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत सीनियर इंजिनिअर. तो वसाहतीच्या घरमालक समितीचा अध्यक्षही होता. वसाहतीत चौतीस गॅरेजं. त्यांच्या वार्षिक देखभालीचं काम कुणाला द्यायचं ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. निघताना चारुताचा मालक योस तिला म्हणाला होता, "आज जरा गोड बोल."

यतीनची तक्रार साधी होती. दार धक्के देत चालतं आणि आवाज करतं. "शनिवारी गणपती बसवतोय इथे. दीडशे माणसं येतील. तेवढं ग्रीस-बिस मारून द्या, ताई."

"ताई नको. ताई म्हटलं की लोक पुढचं फुकटात मागतात," चारुता म्हणाली.

यतीन हसला. त्याला तो विनोद वाटला.

दार पाच मीटर रुंद, आडव्या पाच पट्ट्यांचं. आतून ते दिसतच नव्हतं. वसाहतीतल्या गणपती मंडळाने चार वर्षांत त्यावर प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या होत्या, फळ्यांवर थर्मोकोलचे खांब, सोनेरी कागद, दिव्यांच्या माळा. दार बंद झालं की मूर्तीच्या मागे आयता महाल उभा राहायचा. आरती झाली की दार वर, माणसं बाहेरच्या तंबूत जेवायला. पुढच्या आरतीला दार पुन्हा खाली. दार वळताना अडू नये म्हणून फळ्या पट्टीनुसार कापल्या होत्या.

"डिझाइन माझं," यतीन म्हणाला.

"सेन्सर कुठे आहेत?"

दाराखाली कोणी आलं तर मोटर थांबवणारे ते दोन डोळे चौकटीच्या दोन बाजूंना, जमिनीलगत असायला हवे होते. तिथे नुसती भोकं होती.

"ते ना, समई ठेवली की अडायचे. दर वेळी दार उलटं वर. म्हणून..." यतीनने मांडणीवरचा एक बुटांचा खोका दाखवला. त्यात दोन्ही सेन्सर समोरासमोर चिकटपट्टीने बसवले होते. एकमेकांकडे टक लावून ते मोटरला कळवत होते की दाराखाली कोणी नाही.

चारुताने व्हॅनमधून किचन पेपरचा नवा रोल आणला, दाराखाली उभा ठेवला आणि बटण दाबलं. कशाला टेकलं की दाराने मागे फिरायचं असतं. दार रोलवर टेकलं, क्षणभर कुरकुरलं आणि त्याला पोळीसारखं चपटं करून जमिनीला लागलं.

"मोटरचा जोर कोणी वाढवला?"

"मीच. मधेच थांबायची. ॲपमध्ये सर्व्हिस मेन्यू आहे, पासवर्ड नेटवर मिळतो."

"ती का थांबत होती, हे शोधावंसं नाही वाटलं?"

"अहो, चालतंय ना? चार वर्षं चालतंय."

मग तिने लाल दोरी ओढली. दार कमरेपर्यंत उचलायला तिला दोन्ही हात आणि एक गुडघा लागला. हात सोडला. आवाज ऐकून यतीनची बायको नीरजा स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय पडलं?"

"तुमचं दार," चारुता म्हणाली. "घरात वजनकाटा आहे?"

नीरजाने न्हाणीघरातला काटा आणला. चारुताने एक फळी दाराच्या खालच्या पट्टीवरून सोडवली. "आधी तुम्ही उभ्या राहा, मग फळी घेऊन."

"आकडा मोठ्याने वाचायचा नाही हं," नीरजा म्हणाली. मग तिनेच वाचला. छप्पन्न पूर्णांक एक. फळीसकट एकसष्ट पूर्णांक नऊ.

"फळ्या किती?"

"दहा," यतीन म्हणाला. गुणाकार त्याने मोठ्याने केला नाही. नीरजाने केला.

"अठ्ठावन्न किलो. म्हणजे माझ्याहून दोन जास्त. यतीन, चार वर्षं मी दारावर बसलेय!"

"ताई, ऐका," यतीन म्हणाला. "आरास उतरवायची तर तीस लोकांचे चार वीकेंड पाण्यात. मंडळाला मी काय तोंड दाखवू? शनिवार काढू, सोमवारी तुम्ही म्हणाल ते करू. आपलेच लोक आहोत ना!"

चारुताचा आवाज चढला. "नॅनोमीटर मोजता ना कंपनीत? तिथे एक स्क्रू कोणी अंदाजाने पिळला तर चौकशी लावाल. आणि इथे दीडशे किलोच्या दारावर आणखी अठ्ठावन्न लादता, ते बिचारं ओरडायला लागलं तर त्याचं तोंड दाबता, डोळे काढून खोक्यात ठेवता. आरती संपली की या दाराखालून पहिलं कोण पळतं?"



"मुलं," नीरजा म्हणाली. "आमची संहिता सगळ्यांच्या पुढे."

चारुताने तिला लीलावतीबाईंच्या दोन बोटांबद्दल सांगितलं. स्टिकरवर आपली सही होती, हेही सांगितलं. मग मोटरची वायर काढली, दार खाली असताना आतून कडी लावली, लाल पट्टी चिकटवून त्यावर 'वापरू नये' असं डचमध्ये लिहिलं आणि खाली पूर्ण नाव. "फळ्या उतरवल्यात तर फोन करा. नाही उतरवल्या तर दुसरा कोणी सही करणारा शोधा. मिळेलही."

ती हायवेला लागायच्या आत योसचा फोन आला. "गिऱ्हाईक म्हणतंय तू उर्मट आहेस."

"आहे."

"चौतीस दारं आहेत, चारुता."

"एक पडतंय."

तिने अठ्ठावन्न किलो, खोका आणि किचन रोल असं क्रमाने सांगितलं. "बंद राहू दे मग," योस म्हणाला, आणि फोन ठेवण्याआधी डचमध्ये एक शिवी दिली. ती कोणाला होती, हे चारुताने विचारलं नाही.

गुरुवारी समितीचा ईमेल आला: देखभालीचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं आहे. योसने तो छापून तिच्या टेबलावर ठेवला. त्याच दुपारी नीरजाचा फोन आला. "मी आणि भार्गवीने फळ्या उतरवल्या. भार्गवी म्हणजे शेजारीण. यतीन दोन दिवस बोलत नाहीये. तुम्ही या."

शुक्रवारी चारुता गेली तेव्हा महाल दारापासून हातभर अंतरावर, स्वतःच्या लाकडी पायांवर उभा होता. दिसायला पूर्वीपेक्षा बरा दिसत होता. ते तिने सांगितलं नाही. तिने ओझ्याने थकलेल्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, सेन्सर चौकटीत जमिनीलगत बसवले, मोटरचा जोर मूळ आकड्यावर आणला. नवा किचन रोल ठेवला. दार टेकलं आणि मागे फिरलं. यतीन दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

चारुताने लाल दोरी ओढली. "या. तुम्ही उचला."

त्याने दार कमरेपर्यंत उचललं, एका हाताने. ते किती हलकं झालंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आता हात सोडा."

यतीनने दुसरा हातही कडेला लावला.

"सोडा ना."

"पडलं तर?"

"स्वतःच्या पायाची बोटं आठवली वाटतं," चारुता म्हणाली. "मंगळवारी हेच दार दीडशे लोकांच्या डोक्यावर न्यायचं म्हणत होतात. तेव्हा नाही भीती वाटली."

यतीनने आधी पाय मागे घेतले, मग एक हात काढला, मग दुसरा. दार कमरेच्या उंचीवर थांबलं.

चारुताने लाल पट्टी खरवडून काढली, तपासणीचं पिवळं स्टिकर लावलं आणि सही केली. नीरजाने शनिवारी प्रसादाला यायचं आमंत्रण दिलं.

"दार पडायला लागलं तर येईन," चारुता म्हणाली आणि हत्यारांची पेटी उचलून व्हॅनकडे गेली.