पुढची चाकं थोरल्याची

जीपची पुढची दोन चाकं महिपतच्या मालकीची होती आणि मागची दोन त्याच्या धाकट्या भावाची, नाथाची. मधला भाग, म्हणजे इंजिन, गिअर, बसायची बाकं आणि काचेला चिकटवलेली एकवीरा आई, सामाईक. ही व्यवस्था कुणा वेड्याने केलेली नव्हती. गावच्या पाच शहाण्यांनी एकत्र बसून केली होती, आणि ती करताना दोनदा चहा झाला होता.

दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीला लागून त्यांचं गाव. डांबरी रस्त्याला लागायचं तर खाडीच्या बांधावरून यावं लागे. बांध मातीचा, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भाताची खाचरं. पावसाळ्यात बैलसुद्धा त्यावर विचार करून पाय टाकी. एकोणऐंशी साली गावाची थोडी जमीन सरकारी कामात गेली, तेव्हा आलेल्या पैशात कुणी घर बांधलं, कुणी मुलीचं लग्न केलं, कुणी नुसतंच पिऊन टाकलं. या दोघांच्या बापाने, गुणाजीने, लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. गावाने त्याला वेड्यात काढलं. पहिल्या पावसाळ्यानंतर तेच गाव हात दाखवून गाडी थांबवू लागलं. एक छोटा दांडा ओढला की चारी चाकांना जोर मिळे आणि गाडी चिखलातून म्हशीसारखी शांतपणे पुढे जाई. सकाळी कोळणी आणि त्यांच्या पाट्या डोंबिवलीच्या बाजारात, दुपारी कोळणी आणि रिकाम्या पाट्या परत. मी त्या गावात मास्तर होतो. येताजाता दोन पाट्यांच्या मध्ये बसत असे.

महिपतचा जन्म कोळ्याच्या घरात झाला हीच मुळात निसर्गाची चूक होती. त्याला होडी लागे. पाणी जरा हललं की हा काठाला वाकलेला. जाळं ओढणाऱ्यांना त्याची गंमत वाटायची ते दिवस लवकर संपले; मग त्याला कुणी होडीवर घेईना. तेव्हा बापाने त्याला जीपवर बसवलं आणि पंचविसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा गावात किंमत आली. ज्या बायका त्याला ‘ओकारीचा म्हाप्या’ म्हणत, त्याच आता ‘म्हाप्या, बाळा, जरा हळू घे रं’ म्हणू लागल्या. त्याच्याजवळ गमावण्यासारखं एवढंच होतं, ती चालकाची जागा.

शहाऐंशी साली गुणाजी गेला आणि वाटणी निघाली. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. जीपचं काय करायचं यावर पंच अडले. मग पंचांतले थोरले, बाबुराव, यांना होडीची आठवण झाली. तिथे भावाभावांत होडी फोडत नाहीत. पुढच्या बाजूची डागडुजी थोरल्याने करायची, मागची धाकट्याने, आणि मासळी निम्मी निम्मी. पुढून सागाची फळी आणि मागून आंब्याची, अशा होड्या त्या खाडीत वर्षानुवर्षं तरंगत होत्या.

“तीच पद्धत लावा हिला,” बाबुराव म्हणाले. “पुढची चाकं महिपतची, मागची नाथाची. गाडी चालवणार महिपत. मिळकत अर्धी अर्धी. काय रे, कबूल?”

दोघांनी मान हलवली. होडीला गिअर नसतो, हे पाचांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी चहा पीत होतो.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात चारही टायर गुळगुळीत झाले. नाथा तोवर शीळफाट्याला जमिनीच्या दलालीत शिरला होता, पांढरे बूट घालत होता. दोघे भाऊ कल्याणला विठ्ठलशेठच्या टायरच्या दुकानात गेले. शाळेचे खडू आणायचे होते म्हणून मीही सोबत होतो.

“सहाशे-सोळा, दोन,” महिपत म्हणाला. जीपवर पहिल्यापासून तेच माप होतं.

“मना साडेसातशे-सोळा,” नाथा म्हणाला. “दोन. जाडी नक्षी असलेले.”

विठ्ठलशेठने दोघांकडे पाहिलं. “गाडी एकच ना?”

“एकच. पण मागची चाकं माझी हायेत.”

“अहो, चारी सहाशे घाला, नाहीतर चारी साडेसातशे घाला. साडेसातशे पुढे जरा घासतील, वळण मोठं घ्यावं लागेल, पण चालेल. असे दोन-दोन घालून ट्रॅक्टर करायचाय का?”

“शेठ, ट्रॅक्टर कधी चिखलान रुतलेला बघितलाव?” नाथा म्हणाला.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. शेठही हसला. ट्रॅक्टर मुळातच तसा घडवलेला असतो, त्याच्या पोटातले दाते तसे बसवलेले असतात, हे सांगायला त्याने तोंड उघडलं होतं; पण हसू आल्यावर माणसाचं सांगायचं राहून जातं.

मग तो महिपतला बाजूला घेऊन म्हणाला, “हा ऐकणारा नाही. तू थोरला. तू घे साडेसातशे, भांडण मिटव. लहान-मोठ्या चाकांवर तो पुढचा दांडा ओढलास तर पोटातली गिअरची पेटी फुटेल. मागची चाकं एक बोलणार, पुढची दुसरं.”

“बापानं सहाशेच घातले,” महिपत म्हणाला. “मी त्याच्या हाताखाली वाकायचं? मागची चाकं बघून पुढची घ्यायची?”

तेव्हा कळायला हवं होतं. दोघेही टायरबद्दल बोलत नव्हते.

गाडी तयार झाली ती नाक खाली आणि ढुंगण वर अशी. गावात शिरली तेव्हा सगुणा नावाची कोळीण म्हणाली, “अगो बय, ही तर पाया पडतंय.” डांबरावर मात्र झकास पळाली. तिथे जोर मागच्याच चाकांना असतो. “बघितलंस दादूस?” नाथा रोज विचारी. महिपतने मनाशी ठरवलं होतं, तो दांडा ओढायचाच नाही. बांधावर रुतलं तर उतरायचं, फळ्या टाकायच्या, बायकांना ढकलायला लावायचं. आषाढ त्याने असाच काढला. बायका कुरकुरू लागल्या. “म्हाप्या, गाडी आमी वडतो, तू बस वर,” असं म्हणू लागल्या. आणि एकदा ढकलता ढकलता मागून कुणीतरी म्हणालं, “याच्यापरीस नाथा बरा.”

श्रावणातल्या अमावास्येला उधाण होतं. परतीच्या वाटेवर गाडी बांधाच्या मधोमध रुतली, आत महिपतची बायको कलावती, सगुणा, आणखी सहा-सात जणी आणि मी. खाडीचं पाणी बांधाच्या कडेला लागलं होतं. फळ्या टाकल्या, त्या चिखलात गेल्या. बायका ढकलायला उतरल्या, त्यांचे पायच रुतले.

“वड ना तो दांडा!” सगुणा ओरडली. “ठेवलायस कशाला, पूजेला?”

“ओढू नको,” कलावती म्हणाली. तिला ठाऊक होतं.

महिपतने सगळ्यांकडे पाहिलं. मग दांडा ओढला. गाडी निघाली. खरोखर निघाली, चांगली पन्नासेक हात गेली, बायकांनी ओरडून टाळ्या वाजवल्या. चिखलातून बाहेर आली तिथे बांधाचा कडक, दगड घातलेला भाग लागला. चिखलात चाकं घसरून आपसांतला फरक जिरवत होती. दगडावर ती सोय नव्हती. दांडा परत ढकलायला महिपत दोन्ही हातांनी झटला. तो हलेना. मग पोटातून लोखंड मोडल्याचा आवाज आला.

आम्ही चालत घरी गेलो. जीप रात्रभर बांधावर होती आणि उधाण तिच्या पोटात शिरलं.

पंच पुन्हा बसले. “माझी चाकं शाबूत हायेत,” नाथा म्हणाला. “चालवणारा कोण होता?” महिपतने मापाची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. बाबुरावांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण लहान टायर कुणाचे?” “माझे,” महिपत म्हणाला. प्रश्न चुकीचा असला तरी उत्तर खरं होतं. ठरलं असं, की दुरुस्ती जो करील त्याची गाडी. महिपतकडे तेवढी ऐपत नव्हती, हे ठरवणाऱ्यांना ठरवायच्या आधी माहीत होतं.

नाथाने नवी पेटी बसवली आणि पुढेही साडेसातशे घातले. आता चारी चाकं एकसारखी होती आणि गाडी उत्तम चालली. फक्त बांधाच्या उघाडीपाशी, जिथे भरतीचं पाणी अडवायची फळी असते, तिथल्या वळणावर टायर घासत. मागेपुढे करून वळवावी लागे. ते नाथाला जमेना. दोनदा चाक खाडीकडे उतरलं. तेव्हा तो भिंतीपलीकडे भावाकडे गेला.

“दादूस, तूच चालव. पगार देतो.”

महिपत गेला. दुसरं काय करणार? होडी अजूनही लागत होती.

पुढची सहा वर्षं, बांधावर रस्ता होऊन रिक्षा येईपर्यंत, तो धाकट्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. नाथाने कुणाला गाडीत बसवलं तर तो सांगे, “आमचा ड्रायव्हर जुना हाय, घाबरू नका.” कलावती त्या गाडीत पुन्हा चढली नाही. डोक्यावर पाटी घेऊन ती सगळ्यांच्या आधी निघे. एका सकाळी उघाडीच्या वळणावर गाडीने तिला गाठलं. महिपतने थांबवली.

“बस की,” तो म्हणाला. “पाऊस येतोय.”

तिने पाटी सावरली आणि बांधाच्या कडेला सरकून वाट दिली.

“जा पुढं,” ती म्हणाली. “मालक वरडंल.”

त्याने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, आणि वळवली.