समोरच्या फ्रीजरचा लाल आकडा

राजारामपुरीत आमच्या डेअरीसमोर एका बाईंचं आइस्क्रीमचं दुकान होतं. सकाळी आल्या की त्या आधी फ्रीजरवरचा लाल आकडा पदरानं पुसायच्या. मग गिऱ्हाईक असो वा नसो, "उणे अठरा हाय बघा!" असं ओरडायच्या. त्यांच्या फ्रीजरला नवी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली होती. थंडी तीच सांभाळायची आणि साचलेला बर्फही ठरल्या वेळी तीच वितळवायची. मी मात्र दर सोमवारी आमचा फ्रीजर रिकामा करून आत गरम पाण्याची पातेली ठेवायची. बाई शेंगा सोलत माझी गंमत बघायच्या.

एका सोमवारी वडगावच्या लग्नाचं श्रीखंड द्यायचं होतं. घाईत मी उलथन्यानं बर्फ खरवडला आणि आतल्या गॅसच्या नळीला भोक पडलं. सगळा गॅस गेला आणि फ्रीजर बंद पडला. बाई तरातरा रस्ता ओलांडून आल्या.

"वैनी, बघत काय बसलाय? डबे उचला की!"

स्वतःचं आइस्क्रीम बाहेर काढून त्यांनी माझ्या डब्यांना जागा केली. श्रीखंड वाचलं. संध्याकाळी डबे न्यायला गेले तेव्हा मी विचारलं, "ही पेटी कधी बिघडत नाही का हो?"

"न्हाय की!" आकडा पुसत त्या ऐटीत म्हणाल्या.

आभार मानायचे ठरवून गेले होते. ते तोंडातच ठेवून मी डबे उचलले.